थैली काढली, मग पित्त कुठून येतं?

"थैली तं काहाडली, मंग पित्त काहून होते जी?" अमरावती असो की अकोला, हा प्रश्न ऐकला नाही असा महिना जात नाही. हल्ली त्याला जोडून दुसराही येतो: "चिनी सुयांनी बरं होते म्हणतात, खरं काय?"

आपण ज्याला 'पित्त' म्हणतो ती बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाची जळजळ असते. खरं पित्तरस यकृत बनवतं, रोज सुमारे अर्धा ते एक लिटर. थैली ते फक्त साठवून घट्ट करते. ती गेली तरी पित्त बनतच राहतं, फक्त ते थेंबथेंब सरळ आतड्यात येतं.

चिनी वैद्यकात मात्र या थैलीचा मान मोठा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'ह्वांगदी नेईजिंग' या ग्रंथात तिला न्यायी अधिकारी म्हटलंय, निर्णय तिच्याकडून निघतात! भित्र्या माणसाची थैली लहान, असं चिनी भाषेत आजही बोलतात. (आपल्याकडे रागावलेल्याचं पित्त खवळतं, अवयव तोच, स्वभाव वेगळा.)

पण थैली कापून काढल्यावर काय होतं, हे त्या ग्रंथात कुठून असणार? पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केली, १८८२ साली. दुर्बिणीची पद्धत भारतात १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडियांनी आणली. म्हणजे ऑपरेशननंतरच्या तक्रारींचं चिनी स्पष्टीकरण हे जुन्या चौकटीत नंतरच्या वैद्यांनी बसवलेलं आहे. ते म्हणतात, अवयव गेला तरी त्याचं कार्य आणि त्याची वाहिनी उरते. यकृताचा प्रवाह तुंबला की उजव्या बरगडीखाली दाटतं, ढेकर येतात, चिडचिड होते. पचन दुबळं झालं की तेलकट खाल्ल्यावर जुलाब. 'दमट उष्णता' वाढली की तोंड कडू.

वर्णन अचूक आहे, हे मान्य करायला हवं. रोडगे आणि तेलाच्या तवंगाची वांग्याची भाजी खाऊन धावत संडासला जाणारे रुग्ण मी नेहमी बघतो. आमच्याकडे त्याचं कारण जास्तीचे पित्तक्षार मोठ्या आतड्यात पोचणं, आणि त्यावर पूड मिळते.

या सुया आपल्याकडे आल्या त्याचा धागा जवळचाच आहे. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले; ते शेवटपर्यंत सर्जनच होते, सुयांचे वैद्य नव्हेत. त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, अॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी ते कोलकात्यात सुरू केलं.

मळमळ, पोट दाटणं यासाठी कुणी निर्जंतुक सुया टोचून घेतल्या तर मी अडवत नाही. पण नळीत खडा राहून गेलाय, हे नाडी आणि जीभ पाहून कळत नाही. ऑपरेशननंतर दहा दिवसांनी असो की दहा वर्षांनी, डोळे पिवळे झाले, लघवी गर्द, संडास पांढरट, किंवा थंडी वाजून ताप आणि उजवीकडे कळ आली, तर काढा नको, सुई नको. त्याच दिवशी रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी करा. येताना ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड घेऊन या. ते घरातल्या पत्र्याच्या पेटीत तळाशी असतं, मला माहीत आहे.