आमची कोठेही शाखा नाही

फलटणला आमचं टू-व्हीलरच्या पार्टचं दुकान आहे. काउंटरवर गिऱ्हाईक आलं की आण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कंपनीचा देऊ का लोकल?" कंपनीचा म्हणजे होलोग्रामच्या खोक्यातला. लोकल म्हणजे साध्या पिशवीतला, निम्म्या किमतीचा, ज्याच्यावर कुणाचंच नाव नाही. तिसरा एक प्रकार असतो, पण काउंटरवर त्याचं नाव मोठ्यानं घेत नाहीत. माल लोकल आणि खोकं कंपनीचं. नाना पेठेत माल भरायला गेले की आण्णा खोक्याच्या कडेचा रंग नखानं खरवडून बघतात. नखाला रंग लागला की खोकं शांतपणे जागेवर ठेवून पुढच्या दुकानात. लोकल माल लोकल म्हणून विकायला त्यांना कधीच लाज वाटली नाही.

मी पुण्यात कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. आल्या आल्या पहिल्या महिन्यात 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी वाचून मला हसू आलं होतं. आमच्याकडे शाखा काढली की पेढे वाटतात, इथे शाखा नसल्याचा तोरा. पुढे ट्रेडमार्कचा पेपर लागला आणि तीच पाटी मी वेगळ्या नजरेनं वाचायला लागले. पुणेरी विनोदात तिची गणना होते, पण ती सरळसरळ नोटीस आहे. याच नावाचं दुसरं दुकान दिसलं तर ते आमचं नाही, फसलात तर आम्हाला बोलू नका.

आणि ही नोटीस भिंतीवर का लावावी लागली, याचं उत्तर कायद्याच्या तारखांमध्ये आहे. आपल्याकडे ट्रेडमार्कची नोंदणी करायचा कायदा आला १९४० साली, आणि अमलात आला १९४२ मध्ये. त्याआधी १८६० ची दंडसंहिता होती, १८८९ चा मर्चंडाइज मार्क्स अॅक्ट होता. पण आपलं नाव सरकारदरबारी नोंदवून ठेवावं अशी वहीच नव्हती. तोतया उभा राहिला तर दिवाणी दावा लावायचा, गिऱ्हाईक हे नाव आमच्याच मालाचं समजतं हे साक्षीपुराव्यानं शाबीत करायचं, आणि तोवर वाट बघायची. दाव्याला वकील लागतो, पाटीला पेंटर. पेठेतल्या दुकानदारानं काय निवडलं असेल हे सांगायला नको.

दुसरी अडचण आडनावांची. मिठाई असो, मसाला असो नाहीतर मस्तानी, पुण्यात दुकानाला मालकाचं आडनाव. आता आडनाव कसं अडवणार? भाऊ वाटण्या करून वेगळे झाले, चुलत्यानं पलीकडच्या गल्लीत दुकान टाकलं, तरी आडनाव तेच. आजच्या १९९९ च्या कायद्यातही कलम ३५ सांगतं की स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला नोंदणीधारक रोखू शकत नाही. सगळं घोडं त्या 'प्रामाणिकपणे'वर अडतं. म्हणून पाटीवर आडनावाच्या खाली स्थापना-वर्ष, त्याखाली शाखा नसल्याचं निवेदन, आणि कुठे कुठे संस्थापकांचा टोपीतला फोटो. ज्याला आम्ही वर्गात 'गुडविल' म्हणतो ते असं रंगात रंगवलेलं.

नुसत्या मालाच्या नावावर मात्र कुणाचीच मालकी नसते. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ ची. तिची श्रूजबेरी बिस्किटं घ्यायला अजून रांग लागते. श्रूजबेरी हे इंग्लंडमधलं एक गाव आणि तिथल्या जुन्या बिस्किटाचं नाव. उद्या कुणीही श्रूजबेरी भाजून विकावीत, हरकत नाही. कयानी हे नाव मात्र खोक्यावर घालता येणार नाही. पुणेरी पगडीचं नेमकं उलट आहे. २००९ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे तिथे गावाचंच नाव राखलेलं.

पुस्तकवाल्यांची पाटी पुस्तकाच्या आत असे. एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तकं ग्रंथालयात उघडली तर मुखपृष्ठाच्या आसपास एक ओळ भेटते, पुस्तक १८६७ च्या पंचविसाव्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केलं आहे अशा अर्थाची. 'आक्ट' हा शब्द मला फार आवडतो, घरात मुरलेला वाटतो. हक्क मूळचा १८४७ च्या विसाव्या आक्टातला. लेखकाच्या हयातीत आणि पुढे सात वर्षं, किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षं, यांत जे जास्त ते. आता ती मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची आहे. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापावी. अप्पा बळवंत चौकात तिच्या इतक्या निरनिराळ्या आवृत्त्या का दिसतात, त्याचं कारण हे.

त्याच चौकाजवळून मी बौद्धिक संपदेचं पाठ्यपुस्तक आणलं. आणलं म्हणजे झेरॉक्स काढून, स्पायरल मारून. कॉपीराइटचं प्रकरण झेरॉक्समध्ये वाचताना पानाच्या कोपऱ्यात मूळ प्रत धरणाऱ्याचा अंगठा काळा उमटलेला दिसतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्याच्या बाजूनं निकाल दिला, हे मला तोंडपाठ आहे. पण तो वाद शिकवण्यासाठी निवडक उतारे एकत्र करून दिलेल्या संचांचा होता. अख्खं पुस्तक छापून घेणाऱ्या माझ्यासारखीला त्याचा आधार घेता येईल असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

पुण्याच्या पाटीची खरी परीक्षा झाली ती कॅम्पात. तिथे आणि कोरेगाव पार्कात 'बर्गर किंग' नावाचं इराणी कुटुंबाचं उपाहारगृह १९९२ पासूनचं. त्याच नावाची अमेरिकी कंपनी १९५४ ची. तिनं भारतात नाव नोंदवलं १९७९ साली, पण पहिलं दुकान उघडलं नोव्हेंबर २०१४ मध्ये, दिल्लीत. त्याआधीच, २०११ साली, तिनं पुण्यात दावा लावला होता. तेरा वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, जिल्हा न्यायालयानं तो फेटाळला. कंपनी भारतात येण्याच्या कितीतरी आधीपासून पुणेकर हे नाव वापरत आहेत, आणि गिऱ्हाइकाची फसगत किंवा कंपनीचं नुकसान झाल्याचा पुरावा नाही, हे त्या निकालाचं सार. कट्ट्यावर आम्ही चहा पाजला एकमेकांना. डेव्हिडनं गोलायथला हरवलं वगैरे बोलून झालं.

रात्री कायदा उघडून बसले आणि कलम ३४ पाशी अडखळले. आधीपासून वापरणाऱ्याला ते कलम संरक्षण देतं खरं, पण नोंदणीधारकाचा वापर किंवा नोंदणी, यांतली जी तारीख आधीची, तिच्याही आधी तुमचा वापर हवा. १९९२ हे १९७९ च्या आधी येत नाही. म्हणजे मनानं दिलेला निकाल आणि कलमानं दिलेला निकाल यांच्यात तेरा वर्षांचं अंतर. आणि केवळ कीर्तीवर जावं तर तिथेही दोन वाटा. १९९६ च्या व्हर्लपूल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं परदेशी कंपनीची इथवर पोचलेली कीर्ती मानली. २०१७ साली टोयोटाच्या प्रियसबाबत मात्र, ती कीर्ती भारतात खरोखर होती हे दाखवा, असं सांगून कंपनीला परत पाठवलं. बर्गर किंगचंही पुढे तसंच हेलकावत गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या मालकांना ते नाव वापरायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या मनाईला स्थगिती दिली. माझं मत विचाराल तर, पस्तीस वर्षं वहीत नाव नोंदवून दुकान न उघडणाऱ्यापेक्षा शटर रोज वर करणाऱ्याचं पारडं जड असावं. पण हे मत झालं, कलम नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात एका वकिलांकडे उमेदवारी केली. पहिलं काम मिळालं ते नोटीस लिहायचं. अशील मोठा मसालेवाला, समोर तालुक्याच्या गावचा छोटा. दोन्ही पाकिटं माझ्या टेबलावर. तोच भगवा पट्टा, तीच मिरच्यांची जुडी, अक्षरं तितकीच तिरकी. नकळत मी पाकिटाची कड नखानं खरवडली. नक्कल होती, यात शंका नाही. पण मसुद्यात सरांनी पन्नास लाखांची भरपाई घालायला सांगितली, आणि त्या माणसाची वर्षाची विक्रीही तेवढी नसेल. "घाबरायला पाहिजे," सर म्हणाले. मी लिहिलं. आठवड्यानं त्याचा फोन आला, मीच उचलला. पाकिटाचा रंग बदलतो म्हणाला, पण पन्नास लाख कशाचे, ताई? मी म्हटलं, सर बाहेर गेलेत. सर आतच होते.

याच पुण्यात १८७९ साली बंडाच्या खटल्यात वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घेणं म्हणजे सरकारची खप्पामर्जी ओढवून घेणं होतं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी ते घेतलं. महादेव चिमणाजी आपटेही उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप होऊन एडनला पाठवलं, काका पुढच्याच वर्षी वारले. आज बार कौन्सिलचा नियम सांगतो की आलेलं काम वकिलानं सहसा नाकारू नये. तो मी मोठ्या मसालेवाल्यासाठीही वाचते आणि छोट्यासाठीही. पन्नास लाखांचा आकडा मात्र कुठल्याच नियमात बसत नाही, आणि तो माझ्या हातानं लिहिलेला आहे.

आण्णा विचारतात, सनद मिळाली की पाटी कशी करायची? त्यांच्या डोक्यात दुकानाएवढी पाटी आहे, खाली ट्रेडमार्क तज्ज्ञ वगैरे. बार कौन्सिलच्या छत्तिसाव्या नियमाप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, कुठल्या विषयात तज्ज्ञ आहे हे पाटीवर लिहिता येत नाही, आणि पाटीचा आकार वाजवी असावा लागतो. वाजवी म्हणजे किती इंच, हे नियमात दिलेलं नाही.