नारायणराव पेशव्यांचे अखेरचे दिवस : ‘धरावें’ कीं ‘मारावें’?

शके १६९५, विजयनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध १३, सोमवार, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३, या दिवशीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं श्रीमंत नारायणराव पेशवे यांचा वध केला. या प्रकरणीं लोकांच्या मनांत एकच गोष्ट घर करून बसली आहे : आनंदीबाईंनीं ‘ध’ चा ‘मा’ केला. आमचें म्हणणें असें कीं, या एका अक्षरानें अपराधाचें ओझें भलत्याच ठिकाणीं नेऊन ठेविलें आहे.

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊरास निवर्तले. पुढील महिन्यांत नारायणरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. चुलत्या-पुतण्यांचा सलोखा मात्र चार महिनेहि टिकला नाहीं. एप्रिल १७७३ मध्यें रघुनाथरावांस वाड्यांतच अटकेंत ठेवण्यांत आलें. ऑगस्टांत त्यांचा निसटून जाण्याचा बेत फसला आणि चौक्या अधिक कडक झाल्या. धनी व कैदी एकाच वाड्यांत, आणि वाड्याचा पहारा पगार थकलेल्या गारद्यांकडे! कारस्थान शिजण्यास याहून सोईची जागा कोणती? तुळाजी पवारानें मध्यस्थी केली. सुमेरसिंग, महंमद इसफ व खरगसिंग हे गारद्यांचे नाईक त्यांत सामील झाले.

अखेरच्या दिवसाची हकीकत मनास चटका लावणारी आहे. सकाळीं श्रीमंत पर्वतीस गेले होते. रघूजी आंग्रे यांनीं त्यांस दग्याची कुणकुण सांगितली. श्रीमंतांनीं हरिपंत फडके यांस बंदोबस्त करण्यास सांगितलें. हरिपंत भोजनास दुसरीकडे गेले, आणि बंदोबस्त राहिला तो राहिलाच. दुपारीं पगाराचा गलका करीत गारदी वाड्यांत शिरले. अठरा वर्षांच्या पेशव्यांनीं धांवत जाऊन चुलत्यास मिठी मारली. तुळाजीनें त्यांस ओढलें, सुमेरसिंगानें वार केला. धन्याच्या अंगावर आडवा पडलेला चाफाजी टिळेकर तेथेंच ठार झाला.

आतां त्या पत्राविषयीं. तें अस्सल आज अभ्यासकांसमोर नाहीं. मोडी वाचणाऱ्यांस हें सांगणें नको कीं, धांवत्या ओळींत ‘ध’ मोडून ‘म’ करणें आणि वर त्यास काना लावणें ही लपणारी खाडाखोड नव्हे. पण वादासाठीं अक्षर बदललें असें धरूं. तरी मूळ हुकूम काय होता? राज्याच्या मुख्य कारभाऱ्यास, त्याच्याच वाड्यांत, हातीं नागवी तरवार असलेल्या थकबाकीदार शिपायांनीं धरावें! असा हुकूम देणाऱ्यास रक्तपाताची कल्पना नव्हती, हें आम्हांस पटत नाहीं. आनंदीबाईंवर सारा दोष घातला कीं दादासाहेब केवळ फसलेले चुलते ठरतात. रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून दोष ठेविला तो रघुनाथरावांवर. तो निर्णय लोककथेनें मऊ केला, एवढेंच.

एका अक्षराचा शोध पुष्कळ झाला. आमच्या मतें खरा माग पगाराच्या हिशेबांत आहे. ज्यांच्या संग्रहीं त्या सालच्या गारद्यांच्या हजिऱ्या, वांटपाच्या याद्या किंवा चौकीपहाऱ्याचे कागद असतील, त्यांनीं ते रुमाल एकवार सोडून पाहावेत आणि भाद्रपद महिन्यांतील नोंदींची नक्कल आम्हांकडे धाडावी.