न्यायमूर्ति रानडे आणि जकातीचा प्रश्न

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ सालीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. प्रार्थनासमाज आणि विधवाविवाह यांच्या वादांत त्यांचें अर्थशास्त्री हें अंग झांकून गेलें, याची आम्हांस खंत वाटते.

१८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांनीं हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलें. ज्या देशास जें तुलनेनें स्वस्त साधतें तें त्यानें करावें व बाकीचें परदेशांतून आणावें, असें रिकार्डोनें १८१७ त इंग्लंडचें कापड व पोर्तुगालचें मद्य यांच्या उदाहरणानें मांडलें होतें. या सिद्धांताच्या आधारें पुढें असें ठरलें कीं, उष्ण देशांनीं कच्चा माल पिकवावा आणि थंड देशांनीं त्याचें कापड करावें. रानडे यांनीं नेमकें येथेंच बोट ठेविलें. असले नियम देशकालसापेक्ष असतात, हें त्यांच्या व्याख्यानाचें मुख्य सूत्र. ढाक्याची मलमल उष्ण कटिबंधांतच विणली जात होती, एवढें स्मरलें तरी ही वांटणी किती नैसर्गिक आहे तें कळतें!

त्यांना आधार होता जर्मनीच्या फ्रीड्रिख लिस्टचा. जर्मनींत जकातीच्या ३८ हद्दी व्यापाराचा गळा आवळीत आहेत, अशी तक्रार लिस्टनें १८१९ त केली. १८३४ त जर्मन संस्थानांचा जकातसंघ अमलांत आला. लिस्टचें म्हणणें दुहेरी होतें: आंतले नाके उठवावे, पण बाहेरची भिंत देशी उद्योग वयांत येईपर्यंत राखावी.

आमच्याकडे यांतील अर्धेंच घडलें. १८६५ त आगगाडी थळघाट चढली. मिठाच्या जकातीसाठीं उत्तरेंत उभारलेली कुंपणाची रांग १८७९ त मोडली. देश आंतून एक बाजार होऊं लागला. पण त्याच १८७९ त जाड्याभरड्या विलायती कापडावरील जकात गेली, आणि १८८२ त आयातीवरील बहुतेक सर्वच जकाती उठल्या. १८९६ त तर विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवून देशी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर लादला!

जकातीची भिंत सरकार बांधणार नाहीं हें ओळखून रानडे यांनीं दुसरे मार्ग सुचविले: कारखान्यांस सरकारी भांडवलाचा आधार, सरकारी मालाची देशांतच खरेदी. जावांतील डच सरकारच्या शेतीपद्धतीवरही त्यांनीं निबंध लिहिला. मात्र त्या पद्धतींतील वेठीचें वजन त्यांनीं कमी धरलें, असें आमचें मत आहे.

लासलगांवचा कांद्याचा बाजार याच निफाड तालुक्यांत आहे. ऑगस्ट २०२३ त केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसविला, डिसेंबरांत निर्यातच बंद केली. ती बंदी मे २०२४ त उठली. या वेळीं शेतकरी खुल्या दाराची मागणी करीत होता. म्हणून रानडे कालबाह्य झाले असें कोणी म्हणेल, तर तें उतावीळपणाचें होईल. दार उघडतांना वा लावतांना पिकविणाराचा हिशेब मांडला जातो कीं नाहीं, हा त्यांच्या विवेचनांतला प्रश्न येथेंही लागू पडतो. ऑगस्टांतील त्या निर्णयानंतर नाशिक जिल्ह्यांत कांद्याचे लिलाव कांहीं दिवस बंद होते.