चिंबोऱ्या मोजणारी खाडी

परवा बाजारात एका मावशीच्या पाटीत पोटाखाली अंडी धरलेल्या चिंबोऱ्या दिसल्या. "भरलेल्या आहेत दादा, घेऊन जा." मी घेतल्या नाहीत. आजवर शंभरदा घेतल्यात, हेही कबूल करतो.

त्यावरून अमेरिकेतल्या चेसापीक खाडीचा इतिहास आठवला. ही खाडी मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत वाटलेली. वरच्या, कमी खाऱ्या पाण्यात निळ्या खेकड्यांची जोडी जमते. मग मादी खाली व्हर्जिनियात, खाडीच्या मुखाशी जाते आणि थंडीभर चिखलात पुरून राहते. नेमकी तिथंच व्हर्जिनियाच्या बोटी शंभरएक वर्षं लोखंडी दात्यांनी चिखल खरवडून तिला उपसत होत्या. खेकडा कमी झाला की वरचे खालच्यांना बोल लावणार, खालचे वरच्यांना. (पर्ससीनचं भांडण बघितलेल्यांना जास्त सांगायला नको.)

१९९० पासून दर हिवाळ्यात खाडीतले खेकडे मोजायला लागले, म्हणून घसरण कागदावर आली. २००८ मध्ये दोन्ही राज्यांनी माद्यांची पकड ३४ टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं, व्हर्जिनियाने हिवाळी खरवड बंदच केली. मग खेकडेवाल्यांनी खायचं काय? त्याच वर्षी केंद्राने आपत्ती जाहीर करून पैसे दिले. व्हर्जिनियात त्यातून त्यांनाच काम मिळालं : खाडीत हरवलेले तारेचे पिंजरे बाहेर काढायचं. असा पिंजरा तळाशी पडून वर्षानुवर्षं खेकडे मारतो, आत मेलेला पुढच्याला आमिष होतो. काही हिवाळ्यांत असे ३० हजारांहून जास्त पिंजरे निघाले.

२०१२ च्या मोजणीत खेकडे ७६ कोटींवर गेले. पण दोनच वर्षांत ३० कोटींच्या खाली आले आणि २०२२ मध्ये २३ कोटींच्याही आत, मोजणी सुरू झाल्यापासून सगळ्यात कमी. पिल्लं कमी येतायत, तळाचं गवत गेलंय, बाहेरून आणून सोडलेला निळा कॅटफिश खेकडे खातोय. २०२४ मध्ये व्हर्जिनियात खरवड परत सुरू करायची हालचालही झाली.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. खाडीत फग लावणाऱ्याला ती बंदी लागू नाही, आणि आपल्या खाडीतल्या चिंबोऱ्यांची मोजणी मी तरी वीस वर्षांच्या बातमीदारीत पाहिली नाही.

काल मावशीला म्हटलं, अंड्यांवरच्या सोडून द्या की. ती म्हणाली, "सोडते. दिवसाचे पैसे तू देतोस?"

तुमच्या खाडीत पूर्वी किती मिळायच्या, आता किती? कॉमेंटमध्ये लिहा, गावाच्या नावासकट.