पादत्राण आणि पायरी

‘पायातली वहाण पायातच बरी’ असे आपण म्हणतो, तेव्हा बोलणे वहाणेविषयी नसते. कोणाला तरी त्याची पायरी दाखविलेली असते. प्राचीन रोममध्ये तर प्रत्येक पायरीच्या पादत्राणाला लॅटिन भाषेत निराळे नाव होते.

टोगा परिधान करून चारचौघांत वावरताना नागरिकाने घालायचा, पाऊल झाकणारा जोडा म्हणजे ‘काल्केउस’. सेनेटरांचा काल्केउस इतरांहून वेगळा असे. म्हणूनच ‘जोडे बदलणे’ याचा अर्थ सेनेटर होणे. घरगुती वहाणांना ‘सोलेआ’ म्हणत. मेजवानीला बसताना त्या काढून ठेवीत. ‘सोलेआ मागविणे’ म्हणजे पंगतीतून निघणे. सिसिलीचा सुभेदार व्हेरेस याच्याविरुद्ध इ. स. पूर्व ७० मध्ये लिहिलेल्या भाषणांत सिसेरोने, हा रोमचा अधिकारी सोलेआ घालून लोकांसमोर उभा राहिला, असाही ठपका ठेवला आहे.

सैनिकांची जाड तळव्याची, लोखंडी खिळे ठोकलेली वहाण ती ‘कालिगा’. सेनापती जर्मानिकुसचा लहानगा मुलगा छावणीत तसल्याच वहाणा घालून हिंडे. शिपायांनी त्याला कौतुकाने ‘कालिगुला’, म्हणजे छोटी कालिगा, म्हटले. इ. स. ३७ ते ४१ या काळात सम्राट झालेल्या त्या मुलाला इतिहास आजही त्याच टोपणनावाने ओळखतो.

सर्वांत खालच्या पायरीवर शेतातले गुलाम. त्यांच्यासाठी लाकडी तळव्याची ‘स्कुल्पोनेआए’. दर दोन वर्षांनी चांगला जोड द्यावा, असा सल्ला काटोने आपल्या शेतीविषयक ग्रंथात दिला आहे.

ख्रिस्तसभेने लॅटिन स्वीकारली, तेव्हा हे शब्दही तिच्याकडे आले. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात देवदूत बंदिवान पेत्राला वहाणा घालावयास सांगतो. मूळ ग्रीकमध्ये तेथे सपातांसाठीचा साधा शब्द आहे. व्हल्गेट या लॅटिन बायबलात मात्र ‘कालिगा’ आहे. दोन शिपायांच्या मध्ये साखळदंडांत निजलेल्या कोळ्याच्या पायांतही शिपायांचीच वहाण!

पुढे १५६२ मध्ये स्पेनमधील आविला येथे संत तेरेझा यांनी कार्मेल संघाच्या सुधारणेस आरंभ केला. त्या शाखेला ‘दिस्काल्केआती’, म्हणजे काल्केउस उतरविलेले, असे नाव मिळाले. ही मंडळी अगदीच अनवाणी नव्हती. दोरीच्या सपाता घालीत. उतरविली होती ती प्रतिष्ठा. जो जोडा चढविल्याने रोममध्ये माणूस थोर ठरे, तोच उतरविल्याची खूण येथे नावात मिरविली गेली.