आजीची कालगणना

आमच्या आजीच्या जन्माची नोंद कोठेही नव्हती. माहेर नांदेडकडचे, सासर लातूरकडचे. दोन्ही निजामी मुलखातली. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये.) नव्वदी ओलांडली तरी तिने स्वतःचीच कालगणना चालविली : लग्न 'रझाकाराच्या आधी', थोरला मुलगा 'पोलीस ॲक्शनला' रांगणारा, धाकटीचे लग्न 'बहात्तरच्या दुष्काळाने' लांबलेले, नातवाचे बारसे 'किल्लारी झाली त्या साली', म्हणजे १९९३.

रझाकारांच्या दिवसांविषयी ती भरभरून बोले. दागिने चुलीच्या राखेखाली कसे पुरले, बायापोरांना सरहद्दीपलीकडे कसे धाडले, हाली रुपया तिकडे कसा चालेना. १७ सप्टेंबर १९४८ नंतरच्या आठवड्यांविषयी मात्र ती गप्प असे. पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षाअखेर संस्थानात फिरून अहवाल केला. मुसलमानांच्या हत्यांची सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत तो उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घेतो. या चार जिल्ह्यांत मिळून किमान अठरा हजार माणसे मारली गेली, असा समितीचा अंदाज. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. मुक्तिसंग्रामाच्या आपल्या आठवणींतही हे प्रकरण बहुधा दोन ओळींत उरकले जाते. आजीकडून आम्हांस एवढेच मिळाले : शेजारच्या खाला गेल्या, त्यांचं जातं आमच्याकडंच राहिलं. पुढचे विचारले की ती उठून चुलीकडे जाई. आमच्या मते ते उठून जाणे हीही एक साक्षच होय. मौखिक इतिहास लिहिणाऱ्यांनी ती नोंदवावयास हवी.

जनगणनेच्या कोष्टकात अशी बाई 'काम न करणारी' ठरते. १९७२ साली पेव रिकामे पडले तेव्हा परदेशी तांबड्या मिलोची भाकरी थापणारी, आणि पोरांनी आणलेली सुकडी मोजून वाटणारी तीच होती.

येळवस मात्र तिला सासरी आल्यावरच कळली. नांदेडकडे तिचे एवढे प्रस्थ नाही. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला शेतात कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा, मडक्यात आंबील, सोबत उंडे आणि भज्जी. सासूच्या हाताखाली शिकलेली ही परकी पोर पुढे त्या घरातली जाणती झाली. शेवटच्या वर्षीही भज्जीला बेसन किती लावायचे, हे सुना तिलाच विचारीत होत्या.