आयरिश पुराणकथांतील राजे व प्रांताधिपती

आयर्लंडच्या प्राचीन व मध्ययुगीन कथावाङ्मयात वर्णिलेले टारा येथील अधिराजे आणि अल्स्टर, कॉनॉट, लेन्स्टर, मन्स्टर इ. प्रांतांचे शासक. देवकथा, वीरकथा व वंशावळी यांत त्यांची चरित्रे विखुरलेली आहेत. त्यांपैकी बहुतेकांचे ऐतिहासिक अस्तित्व सिद्ध करता येत नाही. तथापि राजा म्हणजे कोण, त्याचा अधिकार कशातून येतो व तो केव्हा संपतो, यासंबंधीच्या प्राचीन आयरिश कल्पना या कथांतून स्पष्ट होतात. त्यांचे खरे महत्त्व यातच आहे.

साधने : या कथा प्रारंभी मौखिक परंपरेने चालत आल्या व सु. सातव्या शतकापासून ख्रिस्ती मठांत लिहिल्या जाऊ लागल्या. उपलब्ध हस्तलिखितांपैकी ‘लेवर ना हिद्रे’ (कपिला गाईचा ग्रंथ) हे सु. ११०० चे असून ‘लेन्स्टरचा ग्रंथ’ बाराव्या शतकातील आहे. अकराव्या शतकात संकलित झालेल्या ‘लेवर गवाला’ (आक्रमणांचा ग्रंथ) या कृतीत आयर्लंडचा इतिहास जलप्रलयापासून सांगितला असून त्याची सांगड बायबलमधील कालगणनेशी घातली आहे. लेखक ख्रिस्ती असल्याने जुन्या देवांना त्यांनी मर्त्य राजे बनविले. अल्स्टरचा राजा कोनहोवर हा ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाची वार्ता ऐकून मरण पावला, ही कथा या कालसंयोजनाचे ठळक उदाहरण होय.

पाच प्रांत : प्रांताला आयरिश भाषेत ‘कोइगेद’ म्हणजे ‘पाचवा भाग’ असे म्हणतात. अल्स्टर, कॉनॉट, लेन्स्टर व मन्स्टर हे चार प्रांत सर्व परंपरांत समान आहेत. पाचवा कोणता, याबाबत मात्र मतभेद आढळतो. काही कथांत तो मध्यवर्ती मीथ असून काहींत मन्स्टरचेच दोन भाग मानले आहेत. फिर बोल्ग या आक्रमकांच्या पाच भावांनी बेटाची ही वाटणी केली, असे ‘लेवर गवाला’ सांगतो. त्यांच्यानंतर तूअहा डे डानन ही देवजमात आली व शेवटी मीलचे पुत्र म्हणजे आयरिश लोकांचे पूर्वज आले. त्यांपैकी एरेमोन याने उत्तर व एव्हर याने दक्षिण भाग घेतला. पुढे ‘शंभर लढायांचा’ कॉन व मुग नूअदत यांच्यातही अशीच विभागणी झाल्याचे सांगतात. उत्तर व दक्षिण यांच्यातील ऐतिहासिक स्पर्धेला पूर्वजांचा आधार देणे, हा या दुहेरी वाटणीचा हेतू दिसतो.

राजाचे सत्य व अव्यंगत्व : राजा सत्याने वागला, तर धान्य, दूध व मासे विपुल होतात, त्याने खोटा निवाडा दिल्यास भूमी वांझ होते, ही कल्पना या कथांच्या मुळाशी आहे. सु. ७०० च्या ‘मोरनचे मृत्युपत्र’ या राजनीतिपर ग्रंथात ‘शासकाचे सत्य’ हेच राज्याच्या भरभराटीचे कारण म्हणून सांगितले आहे. टाराचा राजा लुगद मक कॉन याच्या कारकीर्दीत राणीच्या शेतातील निळ्या रंगाची वनस्पती मेंढ्यांनी खाल्ली, तेव्हा मेंढ्या जप्त कराव्यात असा निवाडा त्याने दिला. बालवयीन कॉरमॅकने मात्र लोकरीची एक कातरणी पुरे, असे म्हटले. कारण वनस्पती व लोकर दोन्ही पुन्हा वाढतात. खोट्या निवाड्यासरशी राजगृहाची एक बाजू खचली व एका कथेनुसार पुढे वर्षभर गवत, पाने व धान्य उगवले नाही. लुगदला टारा सोडावे लागले आणि पुढे कॉरमॅक मक आर्ट हा आदर्श राजा म्हणून प्रसिद्धी पावला. परंतु एक डोळा गमावताच त्यालाही टाराचे राज्य सोडावे लागले, कारण राजा अव्यंग असणे आवश्यक होते. देवजमातीचा राजा नूअदा याचेही राज्य युद्धात हात तुटल्यामुळे गेले होते. त्याच्या जागी आलेला ब्रेस देखणा पण कृपण निघाला. त्याच्या घरी पाहुण्याला धड जेवण मिळेना. तेव्हा अपमानित झालेल्या कवीने त्याच्यावर आयर्लंडमधील पहिले उपहासकाव्य रचले आणि ब्रेसचे पतन झाले. कवीच्या वाणीत राजाला पदच्युत करण्याचे सामर्थ्य असते, ही श्रद्धा यातून दिसते.

राजाभोवती ‘गेश’ नावाच्या निषेधांचे कुंपण असे. कोनरा मोर याच्यावर असे अनेक निषेध होते. त्याच्या राज्यात लूटमार होऊ नये, हा त्यांपैकी एक. त्याच्या दूधभावांनी लूटमार आरंभली, तेव्हा इतर अपराध्यांना मृत्युदंड फर्मावून त्याने दूधभावांना तेवढे वगळले. हा पक्षपात लक्षात येताच त्याने निवाडा फिरविला व सर्वांनाच हद्दपार केले; पण सत्याचा भंग होऊन गेला होता. त्यानंतर एकेक निषेध त्याच्याकडून नकळत मोडत जातो व त्याच दूधभावांच्या टोळीने डा डेर्गाच्या अतिथिगृहावर घातलेल्या हल्ल्यात त्याचा अंत होतो. ममतेपोटी केलेला एक अन्याय राज्याच्या नाशाला कारणीभूत होतो, हे या कथेचे तात्पर्य आहे.

भूमीशी विवाह : राज्यारोहण हा राजाचा भूमिदेवतेशी विवाह मानला जाई. नीअल व त्याचे सावत्र भाऊ तहानेले असता विहिरीवरील एका कुरूप वृद्धेने पाण्याच्या बदल्यात चुंबन मागितले. भाऊ कचरले, नीअलने मात्र तिला आलिंगन दिले, तेव्हा ती सुंदर तरुणी बनली व ‘मी राज्यसत्ता आहे’ असे तिने सांगितले. कॉनॉटची राणी मेव्ह हीदेखील मूळची अशीच देवता असावी. तिचे नाव संस्कृत ‘मधु’ शब्दाशी संबंधित असून ‘मद आणणारी’ असा त्याचा अर्थ होतो. लेन्स्टरच्या मेव्ह लेहडेर्ग हिच्याशी विवाह केल्याविना टाराचा राजा होता येत नसे, अशी परंपरा आहे. फ्रेंच विद्वान झॉर्झ द्यूमेझील याने मेव्हची तुलना महाभारताच्या उद्योगपर्वातील ययातिकन्या माधवीशी केली आहे. माधवीही क्रमाने अनेक राजांची पत्नी होते व आपल्या पुत्रांच्या द्वारे ययातीला स्वर्गातील स्थान परत मिळवून देते. आयरिश ‘री’ (राजा) व संस्कृत ‘राजन्’ हे शब्दही एकाच मुळापासून आले आहेत. सत्यवचनाच्या सामर्थ्याविषयीच्या आयरिश व भारतीय कल्पनांतील साम्य माइल्स डिलन याने विशेषत्वाने दाखविले. त्याचा ‘केल्ट्स अँड आर्यन्स’ हा ग्रंथ १९७५ मध्ये सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेने प्रसिद्ध केला.

प्रांताधिपती : अल्स्टरच्या वीरकथांत साऱ्या आयर्लंडचा अधिराजा प्रभावी नाही; प्रांतांचे राजे परस्परांशी बरोबरीने झगडतात. एव्हिन माखा येथील कोनहोवर हा त्यांतील प्रमुख होय. त्याची आई नेस हिने फर्गसशी विवाह करताना मुलासाठी एक वर्षाचे राज्य मागून घेतले व ते पुढे कायमचे त्याच्याकडे राहिले. डिअर्ड्रे हिच्या अभिलाषेने कोनहोवरने उश्न्यूच्या पुत्रांना अभय देऊन परत बोलाविले व ठार केले. त्यांना अभय देणारा जामीन फर्गस होता. वचनभंगामुळे संतापून तो अनुयायांसह कॉनॉटला गेला. म्हणून कूलीच्या तपकिरी वळूसाठी क्रूअखनची मेव्ह व तिचा पती अलिल यांनी अल्स्टरवर स्वारी केली, तेव्हा अल्स्टरचेच निर्वासित वीर शत्रुपक्षात होते. ‘टॉइन बो कूलन्ये’ या प्रसिद्ध कथेतील अंतर्विरोध येथूनच निर्माण होतो. मन्स्टरचा कू री हा जादूगार योद्धा पत्नीच्या विश्वासघातामुळे कुहुलिनच्या हातून मारला जातो. लेन्स्टरच्या राजवंशाचा मूळपुरुष लाव्रद लोंशेक याने आपल्या शत्रूला लोखंडी घरात कोंडून जाळले. घोड्याचे कान असलेल्या राजाची, ग्रीक मिडासशी साम्य असलेली कथाही त्याच्याच नावावर आहे. टाराचा राजा कारब्रे हा या कथांत लेन्स्टरच्या राजकुळातील आहे.

इतिहास व आख्यायिका : सातव्या-आठव्या शतकांतील आयरिश विधिग्रंथांना लहान जमातींचे राजे, त्यांच्यावरील अधिपती व प्रांताचे राजे अशा श्रेणी ठाऊक आहेत, संपूर्ण बेटावर प्रत्यक्ष राज्य करणारा अधिराजा त्यांच्या व्यवस्थेत बसत नाही. अशा लहान राजांची संख्या एका वेळी दीडशेच्या आसपास असावी, असा अंदाज आहे. टाराच्या अधिराजांची अखंड मालिका ही प्रामुख्याने नीअलचे वंशज म्हणविणाऱ्या ई नेल घराण्याच्या वर्चस्वाला प्राचीनत्व देण्यासाठी विद्वान वंशावळीकारांनी रचलेली आहे. मन्स्टरच्या ब्रायन बोरू याने १००२ मध्ये ही मक्तेदारी मोडली व १०१४ मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत तो मारला गेला. टी. एफ. ओराहिली याने १९४६ मध्ये या राजांच्या मुळाशी देवता असल्याचे प्रतिपादन केले, तर केनेथ जॅक्सन याने १९६४ मध्ये अल्स्टर कथांत लोहयुगीन समाजाचे प्रतिबिंब पाहिले. पुढील संशोधकांनी ख्रिस्ती लेखकांच्या रचनाकौशल्यावर अधिक भर दिला. एव्हिन माखा (सध्याचे नेव्हन फोर्ट) येथील १९६१–७१ मधील उत्खननात सु. ४० मी. व्यासाची लाकडी वर्तुळाकार वास्तू आढळली. तिचा मध्यस्तंभ इ. स. पू. ९५ च्या सुमारास तोडलेल्या झाडाचा आहे. ती दगडांनी भरून मुद्दाम जाळलेली असल्याने हे स्थान निवासाचा राजवाडा नसून धार्मिक विधीचे केंद्र असावे. स्थळांचे पावित्र्य प्राचीन आहे. त्यांच्याशी जोडलेली राजांची नावे व वर्षे मात्र तितकी विश्वसनीय नाहीत.

प्रभाव : सतराव्या शतकात जेफ्री कीटिंग याने या परंपरेच्या आधारे आयर्लंडचा सलग इतिहास लिहिला. इंग्रजी सत्तेखाली आयरिश सरदारवर्ग नष्ट होत असता हा प्राचीन वैभवाचा पुरावा राष्ट्राभिमानाचा आधार ठरला. लेडी ग्रेगरी व डब्ल्यू. बी. येट्स यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी या कथांना इंग्रजी वाङ्मयात नवे रूप दिले. ऑलिव्हर शेपर्ड याने घडविलेला मरणोन्मुख कुहुलिनचा पुतळा १९१६ च्या उठावाचे स्मारक म्हणून डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीत १९३५ मध्ये बसविण्यात आला. एकसंध प्राचीन राज्याचा दावा आधुनिक इतिहासाला मान्य नाही. परंतु ज्या परंपरेने राजांच्या वंशावळ्या सत्ताधाऱ्यांच्या सोयीने रचल्या, तिनेच खोटा निवाडा देणारा, कृपण वा वचनभंग करणारा राजा राज्यास अपात्र ठरतो, हेही आग्रहाने सांगून ठेवले आहे.